मीटिंगला पीपीटी नको, रजिस्टर आणा

गेल्या काही वर्षांत कुठल्याही संस्थेचं प्रपोजल उघडा, शेवटच्या दोन पानांत कुठेतरी 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' असतंच, म्हणजे एकच काम करणाऱ्यांनी एकमेकांकडून शिकायचा गट. फंड देणाऱ्याला बरं वाटावं म्हणून टाकलेलं असतं. मग एक वर्कशॉप पुण्यात, एक मुंबईत, हॉटेलचा हॉल, एसी अठरावर, संचालक मंडळी एकमेकांना पीपीटी दाखवतात, जेवणात पनीर, शेवटी ग्रुप फोटो आणि मग एक व्हॉट्सॅप ग्रुप ज्यावर पुढे फक्त वाढदिवस आणि श्रद्धांजल्या. मी अशा बऱ्याच ठिकाणी जाऊन आलेय, जेवण खरंच चांगलं असतं. पण सोमवारी समुपदेशन सेंटरवर समोर एखादी बाई पदर तोंडाला लावून बसलेली असते तेव्हा त्या वर्कशॉपमधलं नेमकं काय कामाला येतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आमच्याकडे धाराशिव जिल्ह्यात मात्र एक वेगळा प्रकार चालू आहे, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. महिन्यातून एकदा चार-पाच संस्थांच्या कार्यकर्त्या एकत्र बसतात. कार्यकर्त्या म्हणजे समुपदेशक, फिल्डवर जाणाऱ्या ताया, एक-दोन भाऊपण आहेत. कोणी कौटुंबिक हिंसाचारावर काम करतं, कोणी ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतं, एक संस्था आरोग्याची आहे, एक बचत गटांची. संचालकांना बोलावत नाही. म्हणजे भांडण नाहीये त्यांच्याशी, पण ते असले की आपली माणसं बोलत नाहीत, 'आमच्याकडे छान चाललंय' एवढंच म्हणतात. मी स्वतः कोऑर्डिनेटर आहे, मीसुद्धा मागे बसते आणि चहाचं बघते.

नियम एकच, जो येईल त्याने आपलं रजिस्टर आणायचं आणि त्यातली एक अडलेली केस काढायची. नाव-गाव झाकून. यशोगाथा चालत नाही, ती वार्षिक अहवालात लिहा.

मागे एकदा काय झालं सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. एका सेंटरवरची नवीन मुलगी, एमएसडब्ल्यू करून नुकतीच लागलेली, तिने केस सांगितली. बाईला दोन लेकरांसकट घराबाहेर काढलंय, माहेरी भाऊ-भावजय दोन आठवड्यांच्या वर ठेवत नाहीत, सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे पीडित बायकांसाठीच्या सरकारी केंद्रात, ठेवलं तर तिथे पाच दिवसांच्या पुढे राहता येत नाही. घर सासूच्या नावावर. तर ही मुलगी म्हणाली, घरात राहायचा हक्क मागता येणार नाही ना, म्हणून फक्त पोटगीचा अर्ज करतोय. इतक्यात कोपऱ्यातून आवाज आला, "कोण म्हणालं तुला असं?" "वकीलसाहेब म्हणाले, ताई." "वकीलसाहेबांना सांग, ते जुनं झालं."

ती ताई दुसऱ्याच संस्थेची, बारावी पास, पण कोर्टाच्या पायऱ्या चढून चढून तिला कायदा असा पाठ झालाय की बस. तिने पिशवीतून झेरॉक्स काढली, पेन्सिलने खुणा केलेली. गोष्ट अशी की डिसेंबर २००६ मधे सुप्रीम कोर्टाचाच निकाल होता की घर फक्त सासूच्या मालकीचं असेल तर सुनेला तिथे राहायचा हक्क सांगता येत नाही. तेव्हा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू होऊन दोन महिनेपण झाले नव्हते, २६ ऑक्टोबर २००६ ला तो लागू झाला. पुढची जवळजवळ चौदा वर्षं सगळीकडे हेच चाललं, बाई आली की पहिला प्रश्न "घर कुणाच्या नावावर?" आणि सासू-सासऱ्याच्या नावावर म्हटलं की विषय संपला. मग १५ ऑक्टोबर २०२० ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते बदललं. सून म्हणून त्या घरात नांदली असेल, काही काळ तिथे संसार झाला असेल, तर घर सासरच्या नातेवाइकाच्या नावावर असलं तरी ते 'सामायिक घर' धरता येतं. अर्थात आंधळेपणाने नाही, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची बाजूही कोर्ट बघणार. पण अर्जच न करणं आणि अर्ज करून कोर्टाला ठरवू देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता गंमत बघा. हा निकाल आला तेव्हा बातमी सगळ्या पेपरात होती, वेबिनार झाले, पीडीएफ फिरल्या. तरी आमच्याच जिल्ह्यात दोन तालुके सोडून बसलेल्या मुलीपर्यंत तो पोचला नव्हता. पोचला तो त्या ताईच्या पिशवीतून.

आणि तिथेच थांबलं नाही. मग चर्चा सुरू झाली की ती बाई त्या घरात नांदत होती हे दाखवायचं कसं, कारण सासू म्हणणार ही कधी इथे राहिलीच नाही, पुण्यातच होते दोघं. कोणी म्हणालं रेशन कार्ड, तर नाव चढवलेलंच नाही. लग्नपत्रिका, तिचा काय उपयोग. मग आरोग्याच्या संस्थेची कार्यकर्ती, जी तोपर्यंत गप्प बसून शेंगा खात होती, ती म्हणाली, "अहो बाळंतपण झालंय ना तिचं? मग माता-बाल संरक्षण कार्ड असेल, त्यावर सासरचा पत्ता असतो. आशाताईच्या वहीत नोंद असणार. अंगणवाडीच्या रजिस्टरला पोरांची नावं असणार, टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं, पाकीट कोण घेऊन गेलं त्याची सही असणार." सगळे तिच्याकडे बघत राहिले. हिंसाचाराच्या केसेस बघणाऱ्या आम्ही इतक्या जणी, आमच्यापैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं, कारण आम्हाला अंगणवाडीचं रजिस्टर म्हणजे पोषण आहाराचं काम, आपला काय संबंध. त्या दिवसापासून डीआयआर भरताना, म्हणजे घरगुती हिंसाचाराचा अहवाल, आमच्या सगळ्या सेंटरवर हा प्रश्न ठरलेला, "अंगणवाडीत नाव कुठल्या गावात होतं?"

मला विचाराल तर कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस म्हणजे एवढंच आहे. एका धंद्याचे लोक आपल्या धंद्याचं बोलतायत. फक्त सामाजिक कामाला आपण धंदा म्हणायला लाजतो, सेवा म्हणतो, आणि सेवेत कसब असतं, ते एकमेकांकडून उचलावं लागतं हे विसरून जातो.

ज्यांनी हा शब्द काढला त्यांनी तो मॅनेजमेंटच्या पुस्तकातून काढलेला नाही हे मला नंतर वाचताना कळलं. जीन लेव्ह म्हणून अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्या सत्तरच्या दशकात लायबेरियात मोनरोव्हियाला शिंप्यांच्या दुकानांत जाऊन बसायच्या, तिथे पोरं काम कशी शिकतात ते बघायला. तिथे नव्या पोराला पहिल्याच दिवशी कापड बेतायला देत नाहीत. आधी काज-बटण, तुरपाई, इस्त्री, म्हणजे कपडा बनायच्या शेवटच्या पायरीपासून सुरुवात. मग मशीनवर शिवण. कटिंग सगळ्यात शेवटी. कारण बटण चुकलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर गेलं. पुढे १९९१ मधे लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी मिळून ही कल्पना मांडली, की शिकणं हे वर्गात नाही तर अशा काम करणाऱ्यांच्या घोळक्यात हळूहळू आत आत सरकत होतं.

हे वाचलं आणि मला एकदम आमच्या सेंटरचा उलटा कारभार दिसला. आपण काय करतो, नवीन समुपदेशक आली की तीन दिवस ट्रेनिंग आणि चौथ्या दिवशी तिला एकटीला पहिल्या भेटीला बसवतो. पहिली भेट म्हणजे कटिंग! बाईने काय सांगितलं, काय लपवलं, जीवाला धोका आहे का, घरी परत पाठवायचं की नाही, सगळं त्या तासाभरात ठरतं. तेव्हा आता आमच्या गटात असं ठरलंय की नव्या मुलीने आधी फॉलोअपचं रजिस्टर सांभाळायचं, फोन करायचे, गृहभेटीला जुन्या ताईबरोबर जायचं, पोलिस स्टेशनला नुसतं सोबत बसायचं. आपल्या संस्थेत जुनी कोणी नसेल तर शेजारच्या संस्थेत जाऊन बसायचं. हे शेवटचं मान्य करून घ्यायला संचालकांबरोबर खूप डोकेफोड झाली, कारण "आमचा पगार आणि काम त्यांचं?"

असो. मराठवाड्यात आणि एकूणच महाराष्ट्रात हे काही नवीन नाही, आपल्याला फक्त विसर पडलाय. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. मी ज्या भागात काम करते तिथे अजूनही लोक काळ मोजताना भूकंपाच्या आधी आणि नंतर असं म्हणतात. तेव्हा लातूर-उस्मानाबादला देशभरातून संस्था आल्या, बऱ्याच आल्या तशा गेल्या. पण घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. लोकांना माहिती द्यायची, बांधकाम नीट होतंय का बघायचं, इंजिनियरला प्रश्न विचारायचे. ज्या बायकांनी तोवर गावच्या सभेत तोंड उघडलं नव्हतं त्या लोखंड किती एमएमचं वापरलंय ते विचारायला लागल्या. आणि २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा यातल्याच बायका गुजरातला गेल्या, तिथल्या बायकांना सांगायला की आमचं असं झालं होतं, तुम्ही हे हे बघा. भाषा वेगळी, पण घर पडलेल्या बाईला घर पडलेल्या बाईचं कळतं. कुठल्या तज्ज्ञाच्या लेक्चरने हे झालं नसतं.

दुसरं गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहीत असते, २००९ मधे सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक हेही सांगितलं जातं. पण त्याच्या मागे कित्येक वर्षं चाललेले अभ्यास गट होते ते कोणी फारसं सांगत नाही. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे ते लावून धरलं. विषय कुठलाही, जंगल, बांबू, मध, कायदा, त्यावर ज्याला रस आहे त्याने बसायचं, बोलायचं, बाहेरचा माणूस असला तर त्यानेही शिकायला बसायचं. निर्णय तिथे घ्यायचाच नाही, निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. ही अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवायची गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. कारण जिथे निर्णय असतो तिथे माणूस बाजू धरतो, आणि बाजू धरली की "मला हे माहीत नाही" असं म्हणायची सोय संपते. आमच्या गटाचं नावही त्यामुळे सरळ अभ्यास गट असंच ठेवलंय आणि तिथे ठराव वगैरे काही होत नाही. मोर्चा काढायचा, निवेदन द्यायचं तर त्यासाठी वेगळी बैठक लावा, पत्रकारांना बोलवा, काय करायचं ते करा.

तिसरं उदाहरण जरा वेगळ्या जातीचं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायची पद्धत बसवली ते आपल्याला माहितीये, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, बालमृत्यू केवढे कमी झाले वगैरे. लोक म्हणाले ठीक आहे, पण ते बंग डॉक्टरांचं गडचिरोली आहे, दुसरीकडे जमणार नाही. तर २००१ ते २००५ मधे 'अंकुर' प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी आपापल्या भागात ते करून बघितलं, आदिवासी भागात, खेड्यात, शहरातल्या झोपडपट्टीत. पुढे २०११ पासून तेच काम देशभरातल्या आशांकडे आलं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ बघायला येते ना, ते. (आणि या सगळ्या भेटींचे मिळून तिला अडीचशे रुपये ठरले, त्यावर एक वेगळी पोस्ट लिहीन, आत्ता नको, बीपी वाढतं.) मला यात महत्त्वाचं काय वाटतं, तर वेगवेगळ्या ठिकाणच्या संस्था एकच काम एकाच रीतीने करत होत्या. त्याशिवाय तुलना होत नाही. आमच्याकडे पहिले कित्येक महिने हाच घोळ होता, एक संस्था 'केस मिटली' म्हणजे बाई नांदायला गेली असं लिहायची, दुसरी म्हणजे फाईल बंद झाली असं, तिसरी म्हणजे बाई परत आलीच नाही असं. परत आली नाही म्हणजे मिटली? मेली पण असेल! हे जोरात भांडून झालं तेव्हा कुठे सगळ्यांच्या रजिस्टरला एक रकाना सारखा आला, सहा महिन्यांनी बाई कुठे आहे आणि तिने स्वतः काय सांगितलं.

आता अडचणी. पहिली आणि सगळ्यात मोठी, संस्था-संस्थांमधली खुन्नस. बाहेरच्यांना वाटतं समाजसेवक म्हणजे सगळे भाऊ-भाऊ, तसं नसतं हो. एकाच कंपनीच्या सीएसआरला, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीला, तिघांनी अर्ज केलेला असतो, मग तिथे चहा पीत आपली युक्ती दुसऱ्याला कोण सांगणार. त्यात आकडे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या पोरीचं लग्न ठरलंय, शिक्षणवाल्या संस्थेला आधी कळलं, त्यांनी महिलावाल्यांना सांगितलं, त्यांनी ग्रामसेवकाला गाठलं कारण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच, १०९८ ला पण फोन केला, लग्न थांबलं. छान. आता ते 'थांबवलेले बालविवाह - १' कुणाच्या अहवालात जाणार? दोघांच्याही गेलं. मला तर वाटतं जाऊ दे, पण फंडरने पकडलं तर काय, म्हणून लोक आधी सांगतच नाहीत एकमेकांना. यावर आम्ही उपाय असा काढला की दोघांनी लिहायचं, पण 'अमुक संस्थेसोबत' असं स्पष्ट लिहायचं. एका फंडरने त्यावर उलट कौतुक केलं, दुसऱ्याने मात्र विचारलं की मग तुमचं नेमकं काम किती टक्के. टक्के! अर्धं लग्न आम्ही थांबवलं, असं लिहायचं का?

दुसरी अडचण पैसा, आणि हे कोणी नीट बोलत नाही. पूर्वी एखादी मोठी संस्था परदेशी निधी घेऊन त्यातला थोडा लहान संस्थांना देऊ शकायची, त्यातून अशी नेटवर्कं चालायची, एखादा माणूस फक्त जोडायचं काम करायला ठेवता यायचा. सप्टेंबर २०२० मधे एफसीआरएमधे, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्यात, दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणंच बंद झालं, शिवाय प्रशासनाच्या खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. गैरप्रकार होत नव्हते असं मी म्हणत नाही. पण त्यात ही जोडणारी माणसं आधी गेली. राहिला सीएसआर, तर तिथे लाभार्थी दाखवावे लागतात आणि आमच्या बैठकीचा लाभार्थी कोण? कार्यकर्ती. तिला लाभार्थी धरत नाहीत.

मग चालतं कसं? तर फार थोड्यात चालतं. हॉल एका संस्थेचा, आळीपाळीने. जेवण ज्याचं त्याने डब्यात आणायचं, भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, आणि खरं सांगू का निम्मं शिकणं त्या डब्यांभोवतीच होतं, कारण तिथे लोक सांगतात की मला त्या केसमधल्या नवऱ्याची भीती वाटते, सेंटर बंद करून निघताना मागे बघत जाते. हे रजिस्टरमधे कुठे लिहायचं. प्रवास म्हणाल तर मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने आमच्या गटाला जितकी मदत झाली तितकी कुठल्या फंडरने केली नसेल. परंडा, भूम, उमरगा, दोन टोकं, आधी भाड्याचीच चर्चा व्हायची. तारीख मात्र एसटीचं वेळापत्रक बघून ठरते, आणि नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीमुळे बैठक होत नाही, ते गृहीतच धरलंय.

गोपनीयतेचं पण सांगते कारण नवीन गट सुरू करणारे विचारतात. व्हॉट्सॅपवर केस टाकायची नाही, अगदी नाव न लिहितासुद्धा नाही. गावं लहान आहेत, "अमुक गावची शिक्षिका, नवरा मिल्ट्रीत" एवढं लिहिलं तरी अख्ख्या तालुक्याला कळतं कोण. पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची, असेल तर कायद्यानेच ओळख उघड करता येत नाही. ग्रुपवर फक्त जीआर, निकाल, कुठला अधिकारी बदलून आला आणि बैठकीची तारीख. फुलांचे फोटो टाकणाऱ्याला पुढच्या बैठकीत सगळ्यांचा चहा.

आणि हो, गट मोठा करू नका. आमचं बघून दोन शेजारच्या जिल्ह्यांतून विचारणा झाली की आम्हीही येतो, राज्यस्तरीय करू, लोगो करू. मी म्हटलं तुम्ही तुमचा करा, आम्ही एखाद वेळेस तुमच्याकडे येऊ. पंचवीस-तीसच्या वर माणसं गेली की माईक लागतो, आणि माईक आला की भाषण येतं.

सरकारी लोकांना बोलवायचं का यावर आमच्यात अजून एकमत नाहीये. संरक्षण अधिकारी, म्हणजे पीओ मॅडम, एकदा आल्या होत्या आणि त्यांनी स्वतःच्याच अडचणी सांगायला सुरुवात केली, एकट्या माणसाकडे किती तालुके, समन्स बजावायला गाडी नाही, तेव्हा सगळ्यांना जरा धक्काच बसला, कारण तोपर्यंत आम्ही त्यांच्या नावाने खडे फोडत होतो. माझं मत की पीओ, वन स्टॉपच्या केसवर्कर, आशा, अंगणवाडी सेविका यांनी जरूर यावं, त्यांच्याकडे पण रजिस्टर असतं. पण साहेब लोकांना नको, साहेब आले की सत्कार करावा लागतो, शाल-श्रीफळाचा खर्च कुठल्या हेडला टाकणार.

पुढच्या बैठकीला पोटगीची वसुली हा विषय घेतलाय. कागदावर कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा म्हणतो की अर्ज केल्यापासून पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा, आणि आमच्या बाया वर्ष-वर्ष हेलपाटे घालतायत, आणि ऑर्डर झाली तरी नवरा पैसे देत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम २० मधे एक पोटकलम आहे, नवऱ्याने नाही दिले तर मॅजिस्ट्रेट त्याच्या मालकाला सांगू शकतात की पगारातून थेट बाईला द्या. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी ते कधी वापरलेलं नाही. कळंबच्या एका ताईकडे अशी एक ऑर्डर आहे, नवरा खाजगी कंपनीत आहे आणि पैसे दर महिन्याला बाईच्या खात्यात येतायत. ती ऑर्डरची झेरॉक्स घेऊन येणार आहे, अर्जात नेमकी वाक्यं काय लिहिली होती ते सगळ्यांना उतरवून घ्यायचंय, तेव्हा वही आणा.